गाडी येण्याआधी गाडी मोजणे : शिरूर, दौंड आणि एका अंदाजाचा इतिहास

#थ्रेड

एक साधी कल्पना करा. शिरूर किंवा दौंड शहराच्या कडेला, महामार्गालगत, एक भव्य विक्री-संकुल प्रस्तावित आहे. किराणा, कापड, भांडी, भ्रमणध्वनी, वर खाण्यापिण्याची दुकाने, खाली वाहनतळ. अजून पायाही खणलेला नाही. तरीही मंजुरीच्या कागदांत एक आकडा लिहावा लागतो : हे संकुल उभे राहिल्यावर रस्त्यावर किती वाहने वाढतील?

ही केवळ औपचारिकता नव्हे. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पूर्वमंजुरी लागते, आणि त्या अर्जात वाढीव वाहतूक धरून हवेची गुणवत्ता वर्तवावी लागते. म्हणजे न बांधलेल्या दुकानाच्या न आलेल्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा धूरसुद्धा आधीच मोजायचा! हे काम आज अभियंत्याचे मानले जाते. पण ‘अजून नसलेल्या वाहतुकीचा हिशेब’ हा प्रश्न जुना आहे, आणि तो समजून घ्यायला शिरूर आणि दौंड यांच्याइतकी बोलकी जोडी शोधूनही सापडणार नाही.

आरंभ पेशवाईतल्या जकातीपासून करू.

त्या काळी व्यापारी मालावर वाटेत आणि पेठेत जकात पडे. मराठी दप्तरांत तिचे वेगवेगळे प्रकार येतात. माल जिथे भरला तिथे द्यायचे ते ‘थळभरीत’. माल जिथे उतरून विकला तिथे द्यायचे ते ‘थळमोड’. आणि जो माल गावात न थांबता नुसता पुढे जाई, त्यावरची वाटेची जकात वेगळी. ही विभागणी वरवर रुक्ष वाटते; पण तिच्यात एक नेमकी जाण आहे. गावातून जाणारा प्रत्येक बैल गावाचा नसतो. एक इथला माल नेतो, एक इथे माल आणतो, आणि एक फक्त इथून जातो. तिघांच्या खुरांनी धूळ सारखीच उडते, पण पेठेला त्यांचा उपयोग सारखा नाही.

जकातीचे उत्पन्न पुष्कळदा मक्त्याने दिले जाई. मक्तेदाराला रक्कम आधी ठरवावी लागे, माल नंतर येई. बैलांचे तांडे किती येतील, पाऊस कसा पडेल, फौज कुठून जाईल, शेजारच्या घाटाने व्यापारी वळतील काय, या सगळ्याचा अंदाज चुकला तर तोटा त्याच्या घरचा. वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्याने स्वतःचे पैसे पणाला लावायचे, ही पद्धत पुढे पार लोपली. (तिचे दोष होतेच, मक्तेदार तोटा भरून काढायला व्यापाऱ्याला पिळी. पण आकडा लिहिताना हात थरथरायचा, एवढे मान्य करायला हवे.) इंग्रजी अमलात, १८३८ च्या सुमारास, मुंबई इलाख्यातली ही वाटेवरची जकात बंद झाली, आणि तिच्याबरोबर ‘कोणाचा माल कुठे चालला’ हे रोज विचारणारी नाकीही गेली.

आता शिरूरकडे येऊ. घोड नदीच्या काठचे हे गाव, म्हणून लोकांच्या तोंडी ‘घोडनदी’. पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या वाटेच्या साधारण मध्यावर ते वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे इंग्रजांची छावणी पडली. १८१७ च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेकाठच्या कोरेगावाशी पोहोचली. छावणी म्हटली की दाणावैरण, घोडे, कापड, सावकारी. बाजार आपोआप येतो. शिरूरच्या शनिवारच्या बाजारात गुरांची आणि घोड्यांची मोठी विक्री होत असल्याची नोंद पुढे सरकारी गॅझेटियरमध्ये आढळते.

म्हणजे शिरूरच्या रस्त्यावर दोन वाहतुकी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. एक पुणे-नगर ये-जा करणारी, आणि दुसरी शिरूरलाच येणारी. नुसते रस्त्याकडेला बसून गाड्या मोजणाऱ्याला त्या वेगळ्या दिसत नाहीत. वेगळ्या केव्हा दिसतात? पर्यायी वाट उघडते तेव्हा.

ती वाट उघडली रेल्वेने, आणि रेल्वेचा अंदाज हे या कथेतले सर्वांत रंजक प्रकरण आहे.

१८४०च्या दशकात हिंदुस्थानात रेल्वे बांधावी की नाही याची चर्चा लंडनमध्ये चालू होती. भांडवल तिकडचे, जोखीम इकडची. गुंतवणूकदार एकच विचारीत : इतका लोखंडी खर्च भरून निघेल एवढी वाहतूक आहे का? ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेचे प्रवर्तक जॉन चॅपमन यांचा भर मालावर, विशेषतः दख्खन आणि वऱ्हाडच्या कापसावर होता. घाटांतून बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून बंदराकडे उतरणारा माल हाच सगळ्या हिशेबाचा पाया. बोरघाटात १८३० साली जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाडीरस्ता झाला होता, त्यामुळे मोजायला काहीतरी समोर होते.

आणि माणसे? कंपनीच्या संचालकांनी मे १८४५ मधल्या खलित्यात याविषयी जवळजवळ निकालच दिला होता. त्यांचे म्हणणे असे की इंग्लंडात रेल्वेला मोठे उत्पन्न प्रवाशांकडून मिळते, पण हिंदुस्थानात ते मालाकडूनच अपेक्षावे. कारण इथले लोक गरीब आणि वस्ती पुष्कळ ठिकाणी विरळ. हा अंदाज मूर्खांनी केलेला नव्हता. त्या दिवशी रस्त्यावर जे दिसत होते, त्याच्याशी तो जुळणाराच होता. बैलगाडीने मुंबई-पुणे प्रवास करणे हे दिवसांचे, खर्चाचे आणि जिकिरीचे काम. ते फार थोडे लोक करीत. जे करीत नाहीत ते इच्छाच नसल्यामुळे करीत नाहीत, असे गृहीत धरले गेले.

१८४९ च्या करारात सरकारने भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली. म्हणजे अंदाज चुकला तरी भुर्दंड हिंदी तिजोरीवर. जकातीच्या मक्तेदाराशी ही तुलना करून पाहा.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, आणि काही वर्षांतच तिसऱ्या वर्गाचे डबे ओसंडू लागले. यात्रेकरू, मजूर, लग्नाचे वऱ्हाडी, कोर्टकचेरीला निघालेले शेतकरी. यांतले बहुतेक प्रवास आधी कोणत्याही रस्त्यावर नव्हतेच, मग ते मोजणार कुठून? रेल्वेने जुनी वाहतूक हलवली, आणि शिवाय नवी जन्माला घातली.

याच सुमारास दौंड नकाशावर ठळक होते. (इंग्रजी कागदांत ‘धोंड’, जुने अहवाल चाळताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर गाव सापडत नाही.) पुण्यापासून डिकसळपर्यंतचा लोहमार्ग डिसेंबर १८५८ मध्ये खुला झाला, आणि भीमेकाठचे हे गाव त्याच्यावर आले. खंडाळ्याचा घाट अजून रुळांनी जोडलेला नव्हता. तो १८६३ मध्ये जोडला गेला. तोवर दौंड हे सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गावरचे एक स्थानक, इतकेच.

खरी कलाटणी १८७८ ची. त्या वर्षी दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. मुंबईहून निघणाऱ्या दोन मोठ्या शाखा, एक थळघाटाने मनमाडकडे आणि दुसरी बोरघाटाने सोलापूरकडे, आता घाट न उतरता आतल्या आत जोडल्या गेल्या. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्त मजूर राबले. मधे अहमदनगर आले. आणि दौंड जंक्शन झाले.

शिरूरच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पुण्याहून नगरला जायला आता दुसरी वाट होती. शिरूरमार्गे रस्त्याने सुमारे १२० किलोमीटर, तर दौंडमार्गे लोहमार्गाने सुमारे १६०. चाळीस किलोमीटर जास्त. एखाद्या अंदाजकर्त्याने केवळ अंतर पाहिले असते तर ‘लोक जवळची वाट सोडणार नाहीत’ असे लिहून मोकळा झाला असता. पण व्यापाऱ्याला अंतर खुपत नाही. त्याला दिवस, भाडे आणि बैलांची दमछाक खुपते. दूरचा माल रुळांकडे वळण्याला कारण होते. शनिवारच्या बाजाराला बैल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला मात्र तसे काहीही कारण नव्हते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्येही शिरूरच्या त्या बाजाराचा उल्लेख टिकून आहे. शिरूर शहरातून आजही लोहमार्ग जात नाही.

थळमोड आणि वाटेची जकात यांतला फरक इथे पुन्हा समोर आला. फक्त तो विचारणारे नाके आता उरले नव्हते.

मोटारीच्या युगात हा फरक पुन्हा शोधून काढावा लागला, आणि तो अमेरिकेत. १९३१ साली विल्यम रायली यांनी ‘किरकोळ व्यापाराच्या गुरुत्वाकर्षणाचा’ नियम मांडला. दोन शहरांच्या मधल्या गावातले गिऱ्हाईक कोणत्या शहराकडे ओढले जाईल? ओढ लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. न्यूटन बाजारात आला म्हणा ना!

हा नियम आपल्या रस्त्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१.२ लाख, नगर शहराची सुमारे ३.५ लाख. गुणोत्तर जवळजवळ ८.९, त्याचे वर्गमूळ साधारण ३. अंतर १२० किलोमीटर. १२० भागिले (१ + ३) म्हणजे ३०. दोन्ही शहरांची ओढ समान होण्याचा बिंदू नगरपासून तीस किलोमीटरवर, म्हणजे सुप्याच्या आसपास पडतो. शिरूर त्याच्या बरेच अलीकडे, पुण्याच्या ओढीत.

आता याच शिरूरमध्ये मोठे संकुल उघडले तर? जो माणूस कपडे घ्यायला वाघोलीची कोंडी सोसत पुण्याला जात होता, तो शिरूरलाच थांबेल. त्याची गाडी नवी नाही. तिची फेरी आखूड झाली. महामार्गावरचा भार थोडा घटेल आणि गावातल्या चौकावरचा वाढेल. एकच आकडा दोन्ही ठिकाणी लावला तर दोन्हीकडे चूक.

रायलीनंतर १९५४ मध्ये मिचेल आणि रॅपकिन यांनी शहरी वाहतूक ही जमिनीच्या वापराचे फलित आहे, असा ग्रंथ लिहिला. १९७६ पासून अमेरिकेतील वाहतूक अभियंत्यांची संस्था एक जाडजूड पुस्तिका काढू लागली : इतक्या चौरस फुटांच्या दुकानाला इतक्या फेऱ्या. जगभरच्या सल्लागारांनी ती उचलली. तीत येणाऱ्या वाहनांची तीन गटांत विभागणी होते : मुद्दाम आलेली, वाटेवरून जाता जाता शिरलेली, आणि दुसऱ्या रस्त्यावरून वळून आलेली. पेशव्यांच्या जकातदाराला ही वर्गवारी ओळखीची वाटली असती.

या पुस्तिकेची एक गंमत डोनाल्ड शूप या अभ्यासकाने उघड केली. गाडीतूनच खाद्यपदार्थ घेता येणाऱ्या उपाहारगृहासाठी तिच्या १९८७ च्या आवृत्तीत दर होता : दर हजार चौरस फुटांना दिवसाला ६३२.१२५ फेऱ्या. दशांशानंतर तीन अंक! आणि आधार किती पाहण्यांचा? आठ. त्या आठांतही जागेचा आकार आणि फेऱ्यांची संख्या यांचा संबंध जवळजवळ नव्हताच. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे पाहून बखरीतल्या फौजांचे आकडे आठवावेत. आकडा जितका रेखीव, तितका त्याचा उगम तपासावा.

भारतीय बाजूला मात्र एक गोष्ट मला मनापासून आवडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या मानकात ग्रामीण रस्त्यांवरची वाहतूक कशी मोजावी ते सांगितले आहे. वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. एकदा सुगीच्या आणि मालविक्रीच्या हंगामात, एकदा मंदीच्या काळात. ‘सुगी’ हा शब्द अभियांत्रिकी मानकात येणे, ही या देशातल्या रस्त्याची खरी ओळख आहे. सलग सात दिवस मोजले म्हणजे आठवडे बाजारही सुटत नाही.

त्याच संस्थेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत निरनिराळ्या वाहनांना मोटारीच्या मापात तोलले आहे. मोटार १. दुचाकी ०.५. ट्रक किंवा बस ३. ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५. आणि बैलगाडी ८! हे माप वजनाचे नव्हे. ते वाहन रस्त्यावर किती जागा आणि किती वेळ अडवते त्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या रस्त्याचे मूळ एकक असलेली बैलगाडी विसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारीच्या आठपट अडथळा ठरली.

आता हिशेब मांडू. पुढचे वाहनांचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा संकुलाकडे गर्दीच्या एका तासात १,००० वाहने येतात : ६०० दुचाकी, ३५० मोटारी व रिक्षा, ५० मालवाहू ट्रक. मोटारीच्या मापात ३०० + ३५० + १५० = ८००. त्यांतली तीस टक्के वाटेवरचीच आहेत असे मानले तर रस्त्यावर नवा भार ५६० चा. सल्लागार इथे थांबला तर अहवाल सुंदर दिसतो. पण ती तीस टक्के वाहने रस्त्यासाठी जुनी असली तरी फाटकासाठी नवी आहेत. ती वेग कमी करतात, वळतात, पुन्हा महामार्गात घुसतात. कोंडी आणि अपघात तिथेच होतात, आणि वजाबाकी नेमकी त्यांचीच झालेली असते.

आणि हा हिशेब कोणत्या महिन्यातला? दौंड तालुक्यात पाटसचा भीमा कारखाना, शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा. उसाचा गळीत हंगाम चालू असेल तर तासाला शंभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या म्हणजे एकट्या ४५० मोटारींचा भार. जूनमध्ये मोजणी केली तर त्यांतली एकही दिसणार नाही. साखर कारखान्याच्या रस्त्यावरचे संकुल जूनच्या आकड्यांवर मंजूर करणे म्हणजे उन्हाळ्यात ओढा पाहून पुलाची उंची ठरवण्यासारखे आहे.

मानकात आणखी एक कलम आहे, आणि तिथे माझा मतभेद. जवळपास जत्रा किंवा प्रदर्शन असेल तर मोजणी काही दिवस पुढे ढकलावी, म्हणजे नेहमीची स्थिती मिळते, असे ते सांगते. सर्वसाधारण रस्त्यासाठी हे योग्यच. पण या दोन तालुक्यांत ‘नेहमीची स्थिती’ म्हणजे काय? रांजणगावला चतुर्थीची गर्दी दर महिन्याला. कोरेगाव भीमा परिसरात १ जानेवारीचा प्रचंड जनसमुदाय दर वर्षी. तुकोबांची पालखी यवत, वरवंड करीत दौंड तालुक्यातून दर आषाढवारीला जाते. हे अपवाद नाहीत. ते पंचांगात लिहिलेले आहेत. ज्या वाहतुकीची तारीख आधीच ठाऊक आहे, तिला ‘असाधारण’ म्हणून वगळणे मला पटत नाही. सरासरीसाठी वगळा, फाटकाची रुंदी आणि रुग्णवाहिकेची वाट ठरवताना वगळू नका.

एक भौगोलिक गोष्ट राहिली. शिरूर घोडेच्या काठी, दौंड भीमेच्या काठी, आणि दोन्ही ठिकाणी नदीपलीकडे जिल्हा बदलतो. शिरूरच्या पलीकडे पारनेर आणि श्रीगोंदा, दौंडच्या पलीकडे श्रीगोंदा. महसुली नकाशा इथे संपतो, बाजार संपत नाही. पलीकडचा माणूस जिल्ह्याच्या मुख्यालयापेक्षा नदीकाठच्या या गावांना जवळ असतो. संकुलाचा अंदाज ‘तालुक्याची लोकसंख्या’ धरून बांधला तर अर्धे गिऱ्हाईक नदीपलीकडेच राहून जाते, आणि पुलावरची रांग कोणाच्याच अहवालात येत नाही.

दौंडकडे शेवटी एकदा पाहू. इंजिनाची दिशा बदलण्याचा खोळंबा टळावा म्हणून अलीकडे तिथे कॉर्ड लाईन झाली. पुणे-मनमाड दिशेच्या काही गाड्या आता मुख्य स्थानकात न शिरताच पुढे जातात. शिरूरलाही महामार्गाने बाह्यवळण घेतले आहे, आणि पुणे-शिरूर उन्नत मार्गाचा प्रस्ताव पुढे आलेला आहे. तो झाला की पुण्याहून नगरला निघालेला प्रवासी शिरूरच्या अलीकडची कितीतरी गावे वरूनच ओलांडील. उद्या त्या मार्गाच्या तोंडाशी कोणी विक्री-संकुलाचा अर्ज केला, तर त्यातला वाहतुकीचा तक्ता उघडून तीन रकाने शोधा : इथला माल, इथे येणारा माल, आणि नुसता जाणारा. आणि मोजणीची तारीख पाहा.